फौजदाराला सोबत

उज्ज्वलाचा फोन आला तेव्हा माझी दोन बोटं एका पेशंटच्या तोंडात होती. दवाखान्यात मला मदत करणाऱ्या संगीतानं फोन माझ्या कानाशी धरला आणि पलीकडून एवढंच आलं, "बाई, अण्णा गेले." उज्ज्वला म्हणजे किसनअण्णांची सून. दुपारी जेवून ते पडवीत आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी "बरं" म्हणाले. असल्या बातमीला "बरं" म्हणावं का माणसानं... पण तोंडातून तेच गेलं आणि पुढे आठवडाभर मला टोचत राहिलं. दाढ भरून होईपर्यंत हात नीट चालले. मग बाहेर वेटिंग रूममध्ये आले, काचेच्या टाकीसमोर उभी राहिले आणि चार अनोळखी पेशंटांच्या देखत रडले. टाकीतला लाल मासा नेहमीसारखा पुढे आला, खायला मिळेल म्हणून. त्याला कोण सांगणार होतं, आणि काय.

किसनअण्णा माझे कोणी लागत नव्हते. ते मुळशी गावचे, धरणाच्या पाण्यावर जाळं टाकून उभा जन्म काढलेले. माझा दवाखाना कासार आंबोलीला, पौड रस्त्याच्या कडेला. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सुजलेला गाल टॉवेलात बांधून ते एसटीनं आले, वेटिंग रूममध्ये बसले आणि त्यांचा नंबर आला तरी आत येईनात. संगीतानं दोनदा हाक मारली. शेवटी मीच बाहेर गेले. अण्णा टाकीला नाक लावून उभे होते. दुखणाऱ्या गालावर एक हात, दुसऱ्या हाताचं बोट काचेवर. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, दाताचं ऱ्हाऊ द्या घटकाभर. ही चिलापी लाल कशानं झाली?"

मला राग आला. तो मासा माझ्या मुलाचा, अमेयचा. परदेशी जातीचा, दुकानदाराच्या भाषेत 'रेड डेव्हिल'. अमेय शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना सहा फुटांची टाकी, तिच्यातला हा सैतान आणि सूचनांचा एक लांबलचक कागद माझ्या गळ्यात मारून गेला. आणि हे गृहस्थ त्याला चिलापी म्हणत होते, म्हणजे धरणात पोत्यानं निघणारी तिलापिया. मी जरा ताठ आवाजात माशाचं खानदान सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की पाठीवरचा काटा बघा, ओठ बघा, रंग काय, कपडे बदलले की माणूस बदलतो होय. रात्री मी अमेयला फोनवर सांगून हसले, तर त्यानं अण्णांचं बोलणं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आई, ते बरोबर आहेत. दोघंही सिक्लिडच, एकाच कुळातले." दुसऱ्या खेपेला अण्णा आले तेव्हा मी त्यांना हे कबूल केलं. ते फक्त मान हलवून खुर्चीत बसले आणि तोंड उघडलं. त्या तोंडातले उरलेले सगळे दात काढावे लागणार होते.

माशाला फौजदार हे नाव अण्णांनीच दिलं. ते शोभतही होतं. त्या टाकीत अमेयनं काय काय सोडून पाहिलं होतं आणि फौजदारानं एकेकाचा निकाल लावला होता. लहान मुलं काचेजवळ गेली की तो आतून धडक द्यायचा आणि ती रडत आयांच्या मांडीवर चढायची. दातांच्या दवाखान्यात मुलांना रडायला वेगळं कारण लागत नाही. एका माशानं अडवलेल्या सहा फुटांत मला पेशंटसाठी तीन खुर्च्या दिसत होत्या. माझ्या एका पेशंटचा जवळच बंगला होता, अंगणात तळं होतं. द्या आमच्याकडे, मजेत राहील, असं ते म्हणाले आणि मी मनानं मोकळी झाले. हे बोलणं अण्णांच्या कानावर गेलं, कारण वेटिंग रूममध्ये तेव्हा ते होतेच. दात काढून झाले होते, हिरड्या भरत आल्या होत्या आणि कवळीचं माप द्यायला ते आले होते.

इतका शांत माणूस चिडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बंगल्याचं तळं पावसात भरून वाहतं, वाहिलं की ओढ्याला जातं, ओढा नदीला आणि नदी खालच्या धरणाला, हे त्यांनी मला बोटानं भिंतीवर रेघा काढून दाखवलं. चिलापी अशीच कोणी तरी कुठे तरी सोडली आणि आपण लहानपणी पकडत होतो ते निम्मे मासे आता नावालाही दिसत नाहीत, असं ते म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, मग मी काय करू, एकट्या माशासाठी एवढी जागा मला नाही परवडत. यावर ते टाकीकडे वळले. मग भरल्या खोलीत, सगळ्यांच्या समोर म्हणाले, "येकट्यासाठी नको ना? मग मी त्येला सोबत आनून देतो. दिवाळीपत्तुर थांबा. आन त्येला सोबत मिळत न्हाई तवर मी बी कवळी घालनार न्हाई."

मला वाटलं, म्हातारा गमतीनं बोलला. कवळी तयार होऊन आली, मी फोन केला, तर उज्ज्वलानं सांगितलं की ते नको म्हणतात. भाकरी आमटीत कुस्करून, भाताची पेज करून चाललं होतं. पंधरा दिवसांनी उज्ज्वला स्वतः येऊन माझ्यावर भडकून गेली. तिचं म्हणणं, माणूस वाळत चाललाय आणि तुम्ही माशाचं घेऊन बसलाय. तिचं काय चुकलं होतं... मी अण्णांना सांगितलं की मासा ठेवते, एकटाच ठेवते, पण कवळी घाला. ते ऐकेनात. बोललो ते बोललो, एवढंच उत्तर. तेव्हापासून त्या टाकीकडे बघताना मला मासा दिसेना, अण्णांची बसत चाललेली गालफडं दिसायला लागली.

पहिला प्रयत्न अण्णांनी हे बोलल्याच्या तिसऱ्याच दिवशी केला होता. झाकणाच्या बादलीत धरणातली एक तगडी चिलापी घालून, एसटीच्या कंडक्टरला काय सांगून कुणास ठाऊक, ते हजर झाले. त्यांचा हिशेब सरळ होता. मासा एकटा आहे, परमुलखात आहे, तर त्याच्याच रक्ताचं कोणी तरी जवळ असावं. मला तर तो विचार फार सुंदर वाटला. आम्ही चिलापी आत सोडली आणि फौजदारानं जे केलं ते मी लिहीत नाही. संगीता ओरडली, अण्णांनी शर्टाच्या बाहीसकट हात आत घातला, चिलापी बाहेर काढली आणि त्या गडबडीत फौजदारानं त्यांच्या अंगठ्यालाही धरलं. चिलापी बादलीत, अंगठ्याला माझी पट्टी आणि अण्णा खुर्चीत. मग ते हसले. दात नसलेलं ते हसू मला अजून दिसतं. म्हणाले, "मीच चुकलो बाई. येकटा हाय म्हनून त्येला भावकी आनून दिली. भावकी कवा कुनाला सोबत झालीया? तिला बी त्योच कोपरा पायजे, ह्येला बी त्योच."

अण्णांचं त्यांच्या चुलतभावाशी बांधावरून बोलणं बंद होतं, हे मला उज्ज्वलाकडून कळलं होतं, त्यामुळे मीही हसले. पण त्या एका शब्दानं आमचं काम सोपं केलं. अमेयच्या कागदावर इंग्रजीत पानभर जे लिहिलं होतं की दिसायला सारखे, आकारानं सारखे, त्याच जातीचे मासे एकत्र ठेवू नका, ते अण्णांनी भावकी नको म्हणून संपवलं. त्या चिलापीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. उज्ज्वलानं आपणहून सांगितलं की कालवण छान झालं होतं, मामंजींनी नुसता रस्सा ओरपला.

पुढचे दोन प्रयत्नही फसले. बोटाएवढे छोटे मासे आणले, ते फौजदारानं नाश्त्यासारखे संपवले. त्यावर अण्णांचा निकाल असा की त्याच्या तोंडात मावेल असा कोणी आणायचा नाही, ती सोबत नव्हे, तो डबा झाला. मग त्यांनी वाम आणली, सापासारखी लांब. ती फौजदाराच्या नजरेतून सुटली, पण टाकीच्या झाकणातूनही सुटली. सकाळी संगीताला ती एक्स-रे मशीनच्या मागे सापडली आणि त्या दिवशी आम्ही दवाखाना उशिरा उघडला. वाम जिवंत होती, अण्णांनी ती परत धरणात नेऊन सोडली. मी मात्र धीर सोडला होता. श्रावण संपला, गणपती बसले. अण्णांचा शर्ट खांद्यांवरून उतरायला लागला होता.

त्यानंतर अण्णांनी काहीच आणलं नाही. आठवड्यातून तीन दिवस ते यायचे आणि खुर्ची टाकीसमोर ओढून नुसते बसायचे. सकाळी दहा ते दुपारच्या एसटीपर्यंत. पेशंट मला विचारायचे, आजोबांचा नंबर कधी लागणार. एकदा मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, कशासाठी एवढा जीव काढताय, अण्णा? डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मुलानं त्यांना होडीत बसू दिलं नव्हतं, हे तेव्हा मला कळलं. जाळी घरात आढ्याला टांगलेली होती. "घरात बसून भिताडाकडं बगत ऱ्हातुया बाई. हितं निदान पानी तरी हाय," ते म्हणाले. मी उठून आत गेले आणि थोडा वेळ उगाचच हत्यारं पुसत बसले.

बसून बसून त्यांनी काय पाहिलं, तर फौजदार कुठे जातो आणि कुठे जात नाही. डावीकडचे मोठे दगड आणि मधलं पाणी ही त्याची हद्द. वरच्या थराकडे तो खायच्या वेळेशिवाय बघत नाही आणि मागच्या लाकडाखालच्या तळाशी त्याला काही देणंघेणं नाही. मग अण्णांनी मला सांगितलं, आता आपण शेजारी बघू. शेजारी असा, की ज्याला फौजदाराचं घर नको, त्याचं ताट नको आणि जो दिसायला त्याच्यासारखा नको. त्या रविवारी मी त्यांना गाडीत घालून पुण्याला माशांच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं फौजदाराची जात ऐकताच हात वर केले. म्हणाला, तो एकटाच राहणार, पैसे घालवू नका. अण्णांनी त्याला दीड तास छळलं. हा कुठे झोपतो, तो काय खातो, दगड लागला तर ह्याच्या अंगाला काय होतं. शेवटी दोन गोष्टी निवडल्या. एक सकर मासा, वीतभर, अंगावर चिलखतासारख्या कडक पाट्या असलेला, तळाला लाकूड चाटत पडून राहणारा. आणि सहा सिल्व्हर डॉलर, तळहाताएवढे, पातळ, चपळ, पाला खाणारे आणि सतत घोळक्यानं फिरणारे. सहाच का, म्हणून मी विचारलं. अण्णा म्हणाले, एकटा असला तर रोज त्यालाच मार बसतो, सहा असले की फौजदाराला कळत नाही कुणामागे धावायचं.

पण खरी कारागिरी पुढेच होती. अण्णांनी घरच्या एका जुन्या जाळ्यातून तुकडा कापला, कडा नव्यानं विणल्या आणि टाकीच्या मधोमध ताणून बसवला. आठ दिवस फौजदार एका बाजूला आणि पाहुणे दुसऱ्या बाजूला. तो जाळ्यावर धडका देऊन दमला आणि मग आपणच कंटाळला. नवव्या दिवशी अण्णांनी फौजदाराला मोठ्या टबात काढलं, जाळं काढलं आणि टाकीतला एकूण एक दगड हलवला. डावीकडचे उजवीकडे, लाकूड आडवं होतं ते उभं. मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की भांडणाचं मूळ एवढंच, फौजदाराला वाटतं हे घर माझं आणि बाकीचे घुसलेले. "आता ह्ये घर त्यांचं. त्येला पावना करून आत सोडा. पावना आल्या आल्या मारामारी करत न्हाई, आदी बसायला जागा बगतो."

पाहुणे दिवसभर नव्या घरात रुळू दिले. संध्याकाळी, टाकीतला दिवा बंद करून, पोटभर खायला घातलेला फौजदार आम्ही आत सोडला. वेटिंग रूममध्ये सात-आठ पेशंट होते. दाढदुखी विसरून सगळे उभे. फौजदार आधी गोंधळला. दगड कुठे होते, कुठे गेले... मग त्याला घोळका दिसला आणि तो सुटला. घोळका फुटला आणि त्याच्या पाठीमागे पुन्हा एक झाला. तो वळला, घोळका परत फुटला. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. मग फौजदारानं तळाशी जाऊन सकरला धडक दिली. सकर जागचा हलला नाही. पुन्हा दिली. मग तो मागे झाला, उजवीकडच्या दगडांशी गेला, त्यांच्याभोवती एक फेरी मारली आणि तिथे स्थिरावला. संगीतानं माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

अण्णांनी कवळी मात्र मागितली नाही. ते अजून महिनाभर थांबणार होते, एका संध्याकाळवर त्यांचा भरवसा नव्हता. तो महिना आम्ही सगळ्यांनी श्वास धरून काढला. एका सिल्व्हर डॉलरचं शेपूट फाटलं, ते भरून आलं. दिवाळीच्या आधी, वसुबारसेच्या दिवशी, अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले, माझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, घाला. मी कवळी बसवली, कुठे टोचते ते बघून घासून दिली आणि बजावलं की आठ दिवस मऊ खायचं. त्यांनी हो म्हटलं, बाहेर गेले, टाकीसमोरच्या खुर्चीत बसले, खिशातून फुटाण्यांची पुडी काढली आणि सगळ्यांच्या देखत एक-एक करून चावून खाल्ले. तो कुडूम-कुडूम आवाज आतपर्यंत येत होता. मी रागवायला बाहेर गेले, आणि त्यांचा चेहरा बघून हसत परत आले. इतका जिंकलेला माणूस मी माझ्या दवाखान्यात दुसरा पाहिला नाही.

पुढची तीन वर्षं त्यांची होती. मुलं काचेशी नाक लावून घोळका बघायला लागली. जांबे गावात खोली घेऊन राहणारा, हिंजवडीत नोकरी करणारा एक इंजिनिअर दाढ दाखवायला आला आणि घरच्या टाकीतल्या दोन ऑस्कर माशांची भांडणं अण्णांना सांगून गेला. पुढच्या महिन्यात तो तिघा मित्रांना घेऊन आला, एकाचीही दाढ दुखत नव्हती. गुरुवारी अण्णा बसतात हे पसरलं होतं. ते आधी माशाच्या तोंडाचं माप विचारायचे, मग भावकी कोण, मग टाकीत आधी कोण आलं. त्या पोरांच्या मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळीला ते आपल्या मुळशीच्या बोलीत उत्तरं द्यायचे आणि पोरं ती मोबाइलमध्ये टिपून घ्यायची. अमेय सुट्टीवर आला तेव्हा त्यांच्यासमोर मांडी घालून बसला होता. त्याच दुपारी अण्णा त्याला म्हणाले, "जलमभर मासं पान्यातनं भायेर काढलं बग. आता चार जनांना यका पान्यात नांदवलं. ह्ये त्येच्यापरीस अवघड हाय."

त्यांच्या जलदान विधीला मी मुळशीला गेले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, वंदना, आणि उज्ज्वला माझ्या गळ्यात पडून, तेव्हा तुमच्यावर उगाच चिडले म्हणणारी. मी तिला सांगितलं, उगाच नव्हतं. पंक्तीत भात वाढत एक म्हातारे फिरत होते, सारखे डोळे पुसत. तेच ते, बांधावरून बोलणं तुटलेले चुलतभाऊ.

आणि मग गेल्या पंधरवड्यात सकर मेला. म्हातारा झाला होता. तळ रिकामा झाला आणि दोन दिवसांत फौजदाराची हद्द वाढायला लागली. त्यानं घोळका एका कोपऱ्यात दाबून धरला. अमेय फोनवर म्हणाला, आई, मधे काच घाल, तुला एकटीला जमणार नाही. मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगते. फौजदार जर आज एकटा पडला, तर अण्णांनी उपाशी राहून मिळवलेलं सगळं माझ्या हातून जाईल, असं वाटलं. मी दुकानात गेले, दीड तास दुकानदाराला छळलं आणि एक नवा सकर आणला. अण्णांचंच जाळं मधे ताणून आठ दिवस वाट पाहिली. मग काल, पेशंट बसलेले असताना, बाह्या खांद्यापर्यंत वर करून, फौजदाराला टबात काढलं, जाळं सोडवलं आणि एकूण एक दगड माझ्या हातानं हलवला. पाठ मोडून निघाली. संगीतानं दिवा बंद केला. संध्याकाळी फौजदार आत गेला, गोंधळला, घोळक्यावर सुटला, दमला, नव्या सकरला दोनदा धडकला... आणि वळून बसायला जागा बघायला लागला.

जमलं. मी ते मोठ्यानं म्हणाले असणार, कारण खुर्च्यांवरच्या सगळ्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात धुतले, साबणानं तीनदा धुतले, आणि पुढच्या बाईंना आत घेतलं. त्यांनी आ केला, मी वाकले, आणि त्यांनी लगेच तोंड मिटून विचारलं, "मॅडम, हाताला मासळीचा वास येतोय का?"

"येतोय," मी म्हणाले. "आमच्या अण्णांचा आहे. आता उघडा तोंड."